बिनकिल्लीचा काटा

“इकतचं हाय का फुकटचं?”

कोणाकडेही कॉम्प्युटर दिसला की काटेवाल्यांचा पहिला प्रश्न हाच: आतले प्रोग्रॅम विकतचे की नक्कल केलेले? दवाखान्यात नंबर लागला की छातीत दुखतं हे सांगायच्या आधी ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या पडद्याकडे बोट करून विचारत. लग्नात फोटोवाल्याला विचारत, पतसंस्थेत कारकुनाला विचारत. आवाजात टोमणा मुळीच नसे. आपण नव्या माणसाला ‘गाव कोणतं?’ असं विचारतो, तितकं सहज. पण उत्तर देणाऱ्याची नजर खाली जायची आणि तो उगाच माऊस हलवायला लागायचा. असा प्रश्न विचारणारा एखादा तुमच्याही ओळखीत असेल, तर तुम्हाला ठाऊकच आहे की अशा माणसाला कोणी दुसऱ्यांदा चहाला बोलावत नाही.

माझी नजर पहिल्याच भेटीत खाली गेली. यवतमाळात माझा कॉम्प्युटर क्लास होता. ‘होता’ म्हणतो, कारण आता तिथे झेरॉक्स निघतात आणि ऑनलाइन फॉर्म भरले जातात. पाटीवर मात्र अजून ‘संचालक’ म्हणून माझं नाव आहे आणि नावापुढे एक पदवी आहे. त्या पदवीबद्दल बायको चारचौघांत काही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा. तर त्या क्लासमध्ये एक दिवस हाताला ग्रीस लागलेला एक पंचेचाळिशीचा गृहस्थ आला. त्याने खिशातून फडकं काढून आधी हात पुसले, मग त्याच फडक्याने माझा कीबोर्ड पुसला.

“सर, मले प्रोग्रॅम लिहाले शिकाचं हाय,” तो म्हणाला. “तुमच्याकडचं हे समदं इकतचं हाय का फुकटचं?”

क्लासमध्ये बारा कॉम्प्युटर होते आणि बाराही फुकटच्यावर चालत होते.

“शिकवण्यापुरतं चालतं, भाऊ,” मी म्हणालो.

“कोणाले चालते?” त्यांनी विचारलं. अगदी खरोखर माहिती हवी म्हणून. मी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात धरणारा आमच्या घराण्यात कोणी नाही.

ते वजनकाटे दुरुस्त करायचे. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यापासून ते सरकी काढायच्या कारखान्यातल्या, म्हणजे जिनिंगमधल्या, कापसाची अख्खी गाडी वर चढते त्या मोठ्या काट्यापर्यंत. स्कूटरच्या पायदानावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून जिल्हाभर फिरायचे. ब्रेक लावला की ते वजन पुढे सरकायचं आणि ते पायाच्या अंगठ्याने मागे ढकलायचे. म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण मला शेवटपर्यंत ‘सर’ म्हणाले.

या वयात प्रोग्रॅम कशाला शिकायचा, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी जिनिंगमधला प्रकार सांगितला. काट्यावर गाडी चढते, आकडा येतो. एक माणूस आकडा वाचून ओरडतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा पावती फाडतो.

“तीन मानसं, तीन हात,” ते म्हणाले. “काटा एक सांगते, पावती दुसरंच बोलते. मंधात हात नको, सर. काट्यानं सांगावं आन कागदानं आयकावं. बस, एवढं मले करून पाहाचं हाय.”

दोन वर्षं ते येत राहिले. जाड पुठ्ठ्याच्या वहीत सगळं उतरवून घेत. चौथ्या महिन्यापासून मला न येणारे प्रश्न विचारायला लागले. मी “ते पुढच्या भागात येतं” असं म्हणायचो आणि घरी जाऊन वाचायचो. वर्षभराने तेच मला समजावून सांगत आणि मी मान अशी हलवायचो, जणू परीक्षा घेतो आहे. पण त्यांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा एका जिनिंगच्या काट्यावर चालला, तेव्हा “माझा विद्यार्थी” म्हणून पेढे मीच वाटले.

प्रोग्रॅम साधाच होता. गाडी चढली की आकडा आपोआप आत यायचा, बाहेरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर तोच दिसायचा, एक बटण दाबलं की पावती. आकडा हाताने टाइप करायची सोयच ठेवली नव्हती. पावतीच्या तळाशी त्यांचं नाव आणि फोन नंबर, वरच्या कोपऱ्यात किल्लीचा नंबर.

किल्ली म्हणजे अंगठ्याएवढा एक प्लग. कॉम्प्युटरच्या मागे खुपसायचा. तो असला तरच प्रोग्रॅम चालणार. एका काट्याला एक किल्ली, म्हणजे कोणी प्रोग्रॅमची नक्कल करून नेली तरी उपयोग नाही. शिवाय त्यांची स्वतःची एक वेगळी किल्ली होती, ती ते चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून खिशात ठेवायचे. मोठा काटा वर्षभरात थोडाफार इकडेतिकडे होतो. तो लोखंडी वजनं ठेवून परत बरोबर करायचा तर प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीचा एक पडदा होता. तो फक्त त्या डबीतल्या किल्लीने उघडायचा. म्हणजे नकलेवर पहारा करणारं आणि वजनावर पहारा करणारं कुलूप एकच होतं.

हे मला ठाऊक होतं. त्यांनीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या दिवशी मी ते विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

तो दिवस दिवाळीनंतरचा. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये माझा साळा, बायकोचा भाऊ, मुनीम आहे. तिथल्या शेटजींनी लक्ष्मीपूजनाला चोपड्यांसोबत ती किल्लीही चौरंगावर मांडली. लाखमोलाची वस्तू, पुजायला नको का? हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, वरून पंचामृताचा थेंब. आणि दिवाळीनंतर खरेदीच्या मुहूर्ताला किल्ली तशीच कॉम्प्युटरात खुपसली. देवाला पोचलं, कॉम्प्युटरला पोचलं नाही. काटा बंद. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग थेट डांबरी रस्त्यापर्यंत. काटेवाले नेमके पुसदला, तिथल्या एका काट्याखाली घुसलेले. संध्याकाळशिवाय पोचत नाही म्हणाले.

दुपारी साळा तो प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या दुकानात धापा टाकत आला.

“भाऊजी, लोकं शिव्या देऊन राह्यले. सकाळपासून बैल जुपलेले हाय. तुमी त काटेवाल्यायचे गुरू! काई करा ना.”

‘गुरू’ या शब्दाने माझा घात केला. नाही, हे खोटं. घात मीच केला, शब्दाने फक्त खुर्ची पुढे सरकवली.

मी बसलो. शेजारी दिवाळीच्या चिवड्याची वाटी होती. प्रोग्रॅम सुरू होताना किल्लीला विचारतो, ‘आहेस का?’ आणि किल्ली म्हणते, ‘आहे.’ ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, त्याने त्या प्रश्नाचं उत्तरच बदलून ठेवलं तर? किल्ली असो नसो, काहीही विचारलं तरी ‘हो’. ती जागा मला सापडली. सापडणारच होती, कारण त्यांची लिहायची पद्धत मला माहीत होती. अर्ध्या तासात काम झालं, त्यातला निम्मा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचण्यात गेला. एवढा आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. चोरी करताना माणूस इतका खूश असतो हे तोवर ठाऊक नव्हतं.

“आजच्यापुरतं हं,” मी साळ्याला बजावलं. “संध्याकाळी पुसून टाकायचं.”

“तुमची शपथ, भाऊजी.”

माझी शपथ घेऊन आमच्या सासरच्या कोणीही आजवर काही पाळलेलं नाही.

संध्याकाळी काटेवाले पोचले. दात घासायच्या ब्रशाने किल्लीतली हळद काढली, किल्ली चालली. दुपारच्या पावत्या हाताने लिहिल्या, असं शेटजींनी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि तो ब्रश दाखवत पोट धरून हसले. “सर, किल्लीले पंचामृत! आता आंघोळ घालाचीच राह्यली!” मीही हसलो. त्यांच्यापेक्षा जरा जास्तच.

आमच्याकडे कोणाच्या घरी विरजण नसलं की शेजारून वाटीत नेतात. देणाऱ्याचं दही काही कमी होत नाही. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. तसं झालं. साळ्याच्या शेटजींकडून त्यांच्या व्याह्यांच्या जिनिंगमध्ये, व्याह्यांकडून भाच्याच्या काट्यावर, तिथून वणीकडे, मुकुटबनकडे. प्रत्येकाने वाटीभर नेलं. दोन हंगामांत जिल्हाभर दही लागलं आणि ज्याची म्हैस होती त्याचा गोठा रिकामा.

“सर, यंदा नवी किल्ली कोणंच मांगून नाही राह्यलं,” काटेवाले म्हणायचे.

“मंदी आहे, भाऊ,” मी म्हणायचो. हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे म्हणायचो की मला स्वतःला काळजी वाटायला लागायची.

मग ती बाई आली.

मुकुटबनकडची होती, साठीची, नऊवारीचा काष्टा घट्ट. पावतीवरच्या नंबरवर तिने फोन केला, तेव्हा काटेवाले माझ्या दुकानात बसलेले होते, म्हणून त्यांनी तिला इथलाच पत्ता दिला. दोन गाड्या बदलून ती एसटीने यवतमाळला आली. पदराची गाठ सोडून तिने दोन पावत्या माझ्या काउंटरवर ठेवल्या.

“हे नाव तुमचंच ना जी?”

“हो बाई, माहंच,” काटेवाले म्हणाले.

“मंग माहा कापूस कुठी गेला थे सांगा.”

तिने एका जिनिंगमध्ये गाडी मोजली होती. तिथे भाव पटला नाही म्हणून तीच गाडी, तोच कापूस घेऊन तासाभरात दुसरीकडे गेली. दोन पावत्यांत अख्ख्या एका गाठोड्याचा फरक. गाठोडं म्हणजे किती, हे ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांना सांगून समजायचं नाही. ते भरायला एका बाईचा वाकून वाकून पुरा दिवस जातो, बोंडांनी बोटं सोलतात ती वेगळी.

काटेवाल्यांनी कमी वजनाची पावती उचलली, चष्मा वर करून डोळ्यांशी नेली. कोपऱ्यात किल्लीच्या नंबराच्या जागी नुसती शून्यं होती. त्यांनी ती पावती इतक्या हळू खाली ठेवली की तिचा आवाज झाला नाही.

“बिनकिल्लीचा हाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “सर, कोणंतरी कुलूप काढलं. आन एकदा का त्याले ‘हो’ म्हणाले लावलं, का थो समद्यालेच ‘हो’ म्हणते. माह्या डबीतली किल्ली हाय का? हो! दुरुस्तीचा पडदा उघडू का? हो! आता थो पडदा उघडाच हाय. मुनीम जाते, शंभराचे अठ्ठ्याण्णव करून ठेवते, बाहेरची लाल पाटी बी अठ्ठ्याण्णवच दाखवते. मानूस पाहून पाहून काय पाहीन?”

मी स्टेपलर उघडून त्यात पिना भरायला घेतल्या. स्टेपलर भरलेलं होतं.

“म्हंजे चोर कोण?” बाईने विचारलं. “मले त एवढंच दिसते का नाव तुमचं हाय.”

याचं उत्तर माझ्यापाशी होतं. मी चहा मागवला.

बाई गेल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाले, “सर, हे काम बाहेरच्याचं नाही. ज्याले माहा हात ठाऊक हाय त्याचंच हाय. तुमीच शोधून देऊ शकता. द्यान ना?”

“देईन की,” मी म्हणालो.

आणि चोर चोराच्या शोधाला निघाला. महिनाभर मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जिल्हा फिरलो. पायदानावर लोखंडी वजन, मागच्या सीटवर मी. दोन्हींत प्रामाणिक कोण, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं, तेही माझ्याच अंगावर भुंकायचं.

प्रत्येक जिनिंगमध्ये आमचं स्वागत व्हायचं. खुर्च्या, पाणी, चहा. काटेवाले विचारायचे, “शेटजी, हे कोणाकून घेतलं?” आणि शेटजी निरागस चेहऱ्याने म्हणायचे, “आता कोणाकून म्हणून सांगू? समद्यायकडंच हाय. आमीच काय घोडं मारलं?” एकालाही लाज वाटली नाही. एकालाही. साळ्याच्या जिनिंगमध्ये गेलो तेव्हा साळ्याने काटेवाल्यांच्या पाठीमागून मला डोळा मारला. तो डोळा मी अजून विसरलो नाही. त्यात चिंता नव्हती, आपुलकी होती.

पण खरी शिसारी आली ती एका मोठ्या जिनिंगमध्ये. तिथले शेटजी धोतर सावरत उठले, काटेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, तुमी कायले मनाले लावून घेता? आमच्याकडं तुमचं इकतचं बी हाय ना!” त्यांनी कपाट उघडून किल्ली काढून दाखवली. मखमलीच्या डबीत होती, दागिन्यासारखी. “तपासणीले साहेब आले का हे लावतो. अगदी तंतोतंत दाखवते. तुमच्या मालात खोट नाही बाप्पा! थे दुसरं आपलं रोजच्याले.”

रोजच्याला! घरी पाहुण्यांसाठी वेगळी कपबशी ठेवतात, तशी त्यांनी खऱ्या वजनाची बशी वेगळी ठेवली होती. आणि हे सांगताना त्यांना वाटत होतं की ते कौतुक करत आहेत.

काटेवाल्यांनी तोंडातला चहाचा घोट गिळला नाही. उठून बाहेर नळावर गेले, चूळ भरली. मग पुन्हा भरली. मी खिडकीतून बघत होतो. शेटजी मला म्हणाले, “पित्त झालं वाटते त्यायले.” मी म्हणालो, “असेल.” माझा कप मी पूर्ण प्यालो होतो.

परतताना मी त्यांना एक युक्ती सुचवली. आता नवा प्रोग्रॅम काढा आणि त्यात सापळा ठेवा. कोणी नक्कल केली की त्या नकलेने वजन उलट जास्त दाखवायचं. बसू दे शेटजींना फटका.

त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. दोन्ही बाजूंनी तूर उभी होती.

“सर, मंधात हात नको म्हन्लं त माहा बी नको,” ते म्हणाले. “आन सापळा लावून फायदा काय? कुलूप त्याच्या घरी, दार त्याच्या घरी, आन चोर बी थोच. मी बाहेरून कितीक राखू? आज सापळा लावीन, उद्या तुमच्यासारखा कोणी हुशार बसन आन काढून टाकन.”

‘तुमच्यासारखा कोणी हुशार.’ मी मागच्या सीटवरून तुरीच्या शेंगा मोजायला लागलो. पण त्यांनी ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. स्कूटर पुन्हा सुरू झाली.

घरी बायकोने ताट वाढलं. “सापडला का चोर?”

मी म्हणालो, तुझ्या भावाने शपथ मोडली नसती तर हे झालंच नसतं.

“माह्या भावाले कायले पुढं करता?” ती म्हणाली. “त्यानं मांगतलं. हात तुमचे होते. सांगून टाका त्या मानसाले. नाहीतर पुढच्या वेळी त्यायच्या गाडीवर बसू तरी नका, पेट्रोल त्यायचं जाते.”

मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी बसलोही.

चोर सापडेना, तेव्हा काटेवाल्यांनी आपली वाट धरली. आठवडी बाजारात एक पाटी हाताने रंगवून उभे राहायला लागले: ‘पावतीवर किल्लीचा नंबर शून्य असेल तर वजन परत करून घ्या.’ खाली नाव, फोन. परिणाम दोन झाले. जिनिंगवाल्यांनी त्यांना दुरुस्तीला बोलावणं बंद केलं. आणि बाजारातल्या लोकांनी पाटीवरचं नाव वाचलं, खिशातल्या पावतीवरचं नाव वाचलं, आणि हिशेब जमवला. “हाच थो! यानंच केलं, आन आता सोताच बोंबलून राह्यला.” एकाने पावतीचा बोळा करून त्यांच्या तोंडावर फेकला. हे मी पाहिलं नाही, ऐकलं. पाहायला मी गेलो नव्हतो. माझ्या दुकानात त्या दिवशी फार काम होतं असं मी ठरवलं होतं.

बोळा लागल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही. तीन-चार दिवसांनी भर दुपारी दुकानात आले, गिऱ्हाईक नव्हतं, समोर बसले. गाल आत गेले होते.

“सर, थो चोर नाही भेटत त जाऊ द्या. वजनाचं मी पाहून घेईन. पन लोकं माह्या पोरीले कॉलेजात इचारतात, तुझा बाप काटा मारते का? त्या फुकटच्या कॉपीतून माहं नाव तेवढं काढता येईन का? असन का कोणी, ज्याले जमन?”

“मला जमेल,” मी म्हणालो.

तुम्हाला वाटेल, आली शेवटी हिंमत. तसं काही नव्हतं. ती कबुली नव्हती, मास्तरकी होती. कोणी विचारलं ‘जमेल का?’ की माझ्या तोंडून ‘मला’ निघतं, इतकंच. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय बोललो: ज्याने कुलूप काढलं, त्यालाच त्या कॉपीतून नाव काढता येणार. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

पंखा फिरत होता. त्यांनी काउंटरवरचा झेरॉक्सचा गठ्ठा सरळ करून ठेवला.

“किती टाइम लागला होता?”

“अर्धा तास.”

“मले त्या किल्लीले दोन सालं लागले,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. दोन गावांमधलं अंतर सांगावं तसं.

मी बोलायला लागलो. हळद, पंचामृत, बैल जुपलेले, साळा, शपथ. कारणं पुष्कळ होती. त्यांनी हात वर केला तेव्हा मी थांबलो.

“आता काढून देतो नाव,” मी म्हणालो. “आजच. साळ्याला देतो, तो सगळीकडे पोचवेल. जसं गेलं तसंच.”

ते विचारात पडले. खरंच पडले, मी तो चेहरा ओळखत होतो, फळ्यासमोर असाच व्हायचा. मग मान हलवली.

“नका काढू. राहू द्या.”

“का, भाऊ? लोक तुम्हाला चोर म्हणतात.”

“म्हणतात. पन नाव गेलं त थ्या बाईनं कोणाचं दार ठोकावं? शेट तिले गेटाच्या आत घेत नाही. मुनीम बोलत नाही. पावतीवर तेवढं एकच मानूस हाय जे फोन उचलते.” ते उठले. “येतो, सर.”

सर! एक शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपून ठेवली असती.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पण मला बातम्या कळत. फोन आला की ते जायचे, लोखंडी वजन घेऊन. ज्याची पावती शून्याची, त्याला घेऊन गेटावर उभे राहायचे, गाडी परत मोजा म्हणायचे. काही शेटजी चिडून मोजून द्यायचे, काही हाकलून लावायचे. कोणाला गाठोडं परत मिळालं, कोणाला नाही. शिव्या मात्र आधी सगळ्यांच्याच खाव्या लागायच्या, कारण फोन करणारा प्रत्येक जण चोर समजूनच फोन करायचा.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखण्याचं निमित्त झालं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते तेव्हा. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली वह्या ओळीने लावलेल्या, माझ्या क्लासमधली जाड पुठ्ठ्याची पहिली. मोक्षधामात वंदना झाली. चार जिनिंगवाले आले होते, पांढऱ्या कपड्यांत, स्वच्छ. “देवमानूस होता,” एकजण म्हणाला. दुसऱ्याने उपरण्याने डोळे टिपले. बाहेर पडताना तो डोळे टिपणाराच माझ्याजवळ आला. मखमलीच्या डबीवाले शेटजी.

“सर, एक काम होतं. नवा कॉम्प्युटर घेतला, त्याच्यात थो प्रोग्रॅम चालून नाही राह्यला. तुमी बसवून देता का? थोच, आपला बिनकिल्लीचा.”

चितेचा धूर अजून आमच्या अंगावर येत होता.

मी नाही म्हणालो. जोरात म्हणालो, दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. शेटजी गोंधळले. “अहो, रागावता काहून? मी तुमाले इमानदार समजूनच सांगतलं.” आठ दिवसांत त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी बसवून घेतला, हे साळ्याने मला फोन करून कळवलं. माझ्यासाठी त्याने चांगली बातमी म्हणून कळवलं होतं, की भाऊजी, तुमच्यावाचून काही अडलं नाही.

यंदाचा हंगाम सुरू झाला. परवा दुपारी एक म्हातारा दुकानात आला. डोक्याला रुमाल, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला.

“काटेवाल्यायच्या घरी फोन लावला होता जी. त्यायची बाई म्हणे, थे नाही राह्यले. म्हणे, थे सांगून गेले, कोणी आलं त सराकडं धाडजो. सरायले समदं समजते.”

त्याने बंडीच्या खिशातून चौकोनी घडी केलेली पावती काढली, काउंटरवर ठेवली, दोन्ही तळव्यांनी तिच्या सुरकुत्या काढल्या आणि तळाच्या नावावर बोट ठेवलं.

“याच्या जागी आता तुमीच का?”

मी चष्मा शोधायला लागलो. तो माझ्या डोळ्यांवरच होता.